कार्ड काढताना

जूनमधल्या एका रविवारी संध्याकाळी माझा भाचा उघडा लॅपटॉप ताटासारखा दोन्ही हातांवर धरून स्वयंपाकघरात आला. मी कणीक मळत होते. “मावशी, कार्डाचा नंबर बदललाय,” तो म्हणाला. मी मागे न बघताच म्हटलं, असं होत नाही, नंबर बदलत नसतो. त्यानं लॅपटॉप ओट्यावर पिठाच्या डब्याशेजारी ठेवला आणि खिशातून वहीचा घडी घातलेला कागद काढला. कागदावर पेन्सिलीनं ‘७एफ३’ लिहिलं होतं, खाली दुहेरी रेघ मारलेली. पडद्यावर मात्र कार्डाचा पत्ता ‘सी४१’नं सुरू होत होता, आणि त्याच्या खाली त्यानं स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामनं छापलेल्या दहा ओळी होत्या. दिवस १, पाऊस ०. दिवस २, पाऊस ०. असं थेट दहापर्यंत. “पण पाऊस पडला होता गं,” तो म्हणाला. “चार दिवस पडला होता. मी तिथेच होतो.” तो रडला नाही, चिडलाही नाही. फक्त माझ्याकडे बघत उभा राहिला, कारण माइनक्राफ्ट या खेळातल्या संगणकात बसणारं, पाऊस नोंदवणारं ते कार्ड मी बनवलेलं होतं.

ती दहा शून्यं त्या रात्री माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात.

कार्डाची कल्पना त्याचीच. त्याला ती सुचली अण्णांमुळे, म्हणजे माझ्या वडिलांमुळे. साताऱ्याच्या घराच्या गच्चीवर अण्णांनी एक पर्जन्यमापक ठेवलाय. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला ते वर जातात, मोजपात्रात पाणी ओततात, डोळा पाण्याच्या रेषेच्या पातळीत आणून आकडा वाचतात आणि खाली येऊन वहीत लिहितात. वेधशाळेची वेळ साडेआठची, म्हणून यांचीही साडेआठची. पाच मिनिटं इकडची तिकडे नाही. सुट्टीत भाचा त्यांच्याबरोबर वर जायचा. पायरीवरच्या शेवाळाचा ओला वास, मोजपात्र धुतल्यावर अण्णा ते पंचाच्या टोकानं पुसतात तो आवाज, हे सगळं त्याच्या मनात बसलं असणार. पुण्याला परत आल्यावर त्यानं मला विचारलं, “आपल्या माइनक्राफ्टमध्ये पण पाऊस पडतो. तिथे कोण लिहून ठेवतं?”

आमच्या घरातल्या सर्व्हरवर ओपनकम्प्युटर्स हा मॉड, म्हणजे मूळ खेळात नव्या वस्तू घालणारी जोडणी, आहे. सांगर या टोपणनावाच्या प्रोग्रामरनं सुरू केलेला. त्या खेळातला संगणक म्हणजे नुसता दिखाऊ ठोकळा नाही. पेटीत प्रोसेसर घालावा लागतो, मेमरी घालावी लागते, ग्राफिक्स कार्ड लागतं, डिस्क लागते, यंत्र सुरू करणारा प्रोग्राम ठेवायला चार किलोबाइटांची ईईप्रॉम चिप लागते. प्रोसेसर किंवा मेमरीसारखी वस्तू राहिली की यंत्र सुरूच होत नाही, नुसतं बीप करून गप्प बसतं. सगळं नीट बसलं की लुआ भाषेत प्रोग्राम लिहिता येतो आणि तो खरोखर चालतो. त्यात सर्वांत सुंदर गोष्ट मला ही वाटते की बाहेरचा माणूस आपली नवी वस्तू या पेटीत बसवू शकतो. त्यासाठी मूळ मॉडच्या एका ओळीला हात लावावा लागत नाही. फक्त ड्रायव्हर लिहायचा.

हा ड्रायव्हर म्हणजे अगदी थोड्या प्रश्नांची उत्तरं. पेटी विचारते: ही वस्तू तुझ्या ओळखीची आहे का? असेल तर कुठल्या प्रकारच्या खाचेत बसेल, कार्डाच्या, मेमरीच्या की डिस्कच्या? कितव्या दर्जाची, म्हणजे टिअर कोणता? (कोडमध्ये टिअर शून्यापासून मोजतात, खेळणाऱ्याला एकपासून दिसतात, पहिल्या दिवशी मी इथे अडखळले.) बसवल्यावर या वस्तूचं काय होईल, म्हणजे संगणकाच्या भागांना जोडणाऱ्या जाळ्यात वावरणारा, पत्ता असलेला, हाक मारल्यावर ओ देणारा घटक तू बनवून देशील का? आणि शेवटी, या घटकाच्या आठवणी वस्तूच्या कुठल्या टॅगमध्ये, म्हणजे वस्तूबरोबर जपल्या जाणाऱ्या नोंदींच्या कुठल्या कप्प्यात, लिहायच्या? बस. पाच प्रश्न. माझ्या कार्डासाठीचं सगळं उत्तर दीडेकशे ओळींत लिहून झालं. वस्तू आणि तिचा ड्रायव्हर वेगळे ठेवलेत हे मला फार समजूतदारपणाचं वाटतं. वस्तूनं स्वतः काहीच जाणायची गरज नाही. दुसऱ्या कुणाच्या मॉडमधली एखादी वस्तू असेल, तिच्या कर्त्यानं संगणकाचा विचारही केला नसेल, तरी तिसराच माणूस तिच्या वतीनं या पाच प्रश्नांची उत्तरं देऊ शकतो. लग्नात मुलीकडच्या मंडळींची विचारपूस करायला एखादी शेजारची काकू पुढे होते, तशी.

हे प्रश्न मी पहिल्यांदा ऐकले ते मात्र खऱ्या लोखंडी पेटीसमोर. दहावीच्या सुट्टीत अण्णांबरोबर तपकीर गल्लीत गेले होते. बुधवार पेठेतली ती बोळकंडी, दोन्ही बाजूंना वायरींची भेंडोळी, सोल्डरचा कडवट धूर, आणि काउंटरवर वर्तमानपत्राच्या कागदावर मांडलेली जुनी कार्डं. आम्ही एक वापरलेलं साउंड कार्ड घेतलं. घरी येऊन लावलं, तर आवाज यायचा, पण प्रिंट काढायला गेलं की अडकायचा. दोन दिवस मी आणि अण्णा पेटी उघडून बसलो होतो. कार्ड आणि प्रिंटरचा पोर्ट दोघंही प्रोसेसरचं लक्ष वेधून घ्यायची सात नंबरची इंटरप्ट रेषा मागत होते, आणि दोघांपैकी कुणालाच दुसऱ्याचा पत्ता नव्हता. चिमट्यानं इवलासा जंपर सातवरून काढून पाचवर सरकवला, यंत्र सुरू होताना वाचतं त्या ऑटोएक्झेक फाइलमध्ये कार्डाची नवी मांडणी ‘ए२२० आय५ डी१’ अशी लिहिली, आणि मग दोन्ही चाललं. कार्ड काय आहे, कुठे बसलंय, काय मागतंय, हे त्या काळी माणसानं यंत्राला हातानं लिहून सांगायचं. १९९५च्या विंडोजपासून ‘लावा आणि वापरा’ हा मंत्र आला. पीसीआय या नव्या प्रकारच्या खाचेतल्या कार्डांना तर स्वतःची ओळख सांगता यायची: प्रत्येक कार्डाच्या पोटात २५६ बाइटांची एक जागा, तिच्या सुरुवातीलाच बनवणाऱ्याचा क्रमांक आणि वस्तूचा क्रमांक. लिनक्समधला पीसीआय ड्रायव्हरही तेच करतो. ओळखीच्या क्रमांकांची यादी देतो, यादीतलं कार्ड सापडलं की ते हाती घेतो, आणि कार्ड काढलं की आवरून बाहेर पडतो.

या आवरण्याकडे मी इतकी वर्षं नीट पाहिलंच नव्हतं.

कार्ड लिहिताना माझं सगळं मन बसवण्याकडे होतं. खाचेत बरोबर बसतंय ना, चुकीच्या पेटीत गेलं तर नकार मिळतोय ना, लुआमधून हाक मारली की लगेच ओ देतंय ना. एका गोष्टीवर तर मी दोन संध्याकाळी घालवल्या. या मॉडमध्ये घटकाच्या कामांना दोन वाटा आहेत. एक थेट वाट: संगणकाचा प्रोग्राम ज्या धाग्यात, म्हणजे कामांच्या ज्या रांगेत, चालतो त्यातच काम होतं, लगेच होतं, पण खेळातल्या जगाला हात लावायचा नाही. दुसरी सर्व्हरच्या धाग्याची: तिथे जगाला विचारता येतं, पण पाळी येईपर्यंत थांबावं लागतं. खेळाचं घड्याळ सेकंदाला वीस ठोके देतं, म्हणजे एक ठोका पन्नास मिलिसेकंदांचा. या कार्डाच्या डोक्यावर आत्ता पाऊस पडतोय का, हा प्रश्न जगाला विचारायचा, म्हणून तो मी दुसऱ्या वाटेनं पाठवला. आधी लिहून ठेवलेली नोंद वाचायची तर जगाचा संबंध नाही, म्हणून ती थेट वाटेनं. हे जमलं तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. कुठलं काम कुठल्या वाटेचं हे कळणं म्हणजे अर्धा ड्रायव्हर कळणं, असं मी भाच्याला समजावूनही सांगितलं, आणि त्यानं मान डोलावली.

त्या रविवारी त्यानं जंगलातल्या लाकडी खोपटात एक साधा संगणक मांडला, पन्नास अक्षरं रुंद आणि सोळा ओळींच्या पडद्याचा. त्यात पावसाचं कार्ड घातलं आणि तीन-साडेतीन तास तिथेच मुक्काम केला. खेळातला दिवस वीस मिनिटांचा, त्यामुळे दहा दिवस झाले. रात्री दार लावून बसायचा, सकाळी बाहेर येऊन आकाश बघायचा, कार्डाची नोंद आणि आपले डोळे ताडून बघायचा. मग त्याला नोंदींचा आलेख काढायचा होता. आलेख काढायला मोठा पडदा त्याच्या घरी होता, एकशेसाठ अक्षरं रुंद, पन्नास ओळींचा. म्हणून त्यानं कार्ड खाचेतून काढलं, घोड्यावर बसून घरी आला, तिथल्या पेटीत घातलं. नंबर बदलला, नोंदी गेल्या.

रात्री सगळे झोपल्यावर मी कोड उघडला. बदललेल्या नंबरानंच वाट दाखवली. या मॉडमध्ये घटकाचा पत्ता म्हणजे छत्तीस अक्षरांची लांबलचक ओळ, आणि तो पत्ताही घटकाच्या बाकी आठवणींबरोबर वस्तूच्या टॅगमध्येच लिहिला जातो. पत्ता नवा मिळाला, याचा अर्थ नव्या पेटीला त्या टॅगमध्ये काहीच सापडलं नाही. माझ्या पाचव्या उत्तराकडे बघितलं. आठवणी कुठे लिहायच्या, या प्रश्नाला मी दरवेळी एक कोरा करकरीत टॅग बनवून पुढे करत होते. तो टॅग वस्तूला बांधायला विसरले होते. पेटीनं त्यावर इमानानं सगळं लिहिलं, पत्ता, दहा दिवसांचा पाऊस, आणि तो कागद वाऱ्यावर सोडून दिला. हा टॅग वस्तूच्या स्वतःच्या टॅगच्या पोटातलाच असला पाहिजे, नाहीतर जपला जाणार नाही, असं त्या प्रश्नाच्या वर स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ते वाचलेलं होतं. कार्ड पेटीत असेतो सगळं स्मरणात असतं, त्यामुळे चाचणीत सगळं बरोबर दिसलं. मी चाचणी घेताना कार्ड एकदाही काढलं नव्हतं.

तेव्हा मला अण्णांचं सेवापुस्तक आठवलं.

अण्णा सरकारी कचेरीत लिपिक. आमच्या लहानपणी दर तीन-चार वर्षांनी बदली. बदलीचे शब्द घरात भाजी-भाकरीसारखे ऐकलेले: कार्यमुक्त, रुजू, पदभार, अंतिम वेतन प्रमाणपत्र. माणूस कधी लागला, पगारवाढ कधी मिळाली, रजा किती उरली, सेवेची पडताळणी कधी झाली, हे सगळं त्या पुठ्ठ्याच्या बांधणीच्या पुस्तकात, प्रत्येक नोंदीखाली साहेबांची सही. माणूस जिथे जाईल तिथे ते पुस्तक पाठोपाठ गेलं पाहिजे. मी सातवीत असताना एका बदलीत ते गेलं नाही. जुन्या कचेरीनं पाठवलं म्हणून सांगितलं, नव्या कचेरीत पोचलं नाही. आठ महिने अण्णा रुजू होऊनही जणू कालच नोकरीला लागल्यासारखे होते. वेतनवाढ अडकली, शिल्लक रजा दिसेना. दर शनिवारी ते एसटीनं जुन्या गावी जात, संध्याकाळी परत येत, धोतराच्या सोग्याला लाल माती लागलेली असे. आई पाण्याचा तांब्या पुढे करायची आणि काही विचारायची नाही. एकदाच मी त्यांना म्हणताना ऐकलं, “बावीस वर्षं केली ती मला माहीत आहेत. पण मला माहीत असून काय उपयोग.” शेवटी ते पुस्तक एका कपाटाच्या मागे, भिंतीला टेकून पडलेलं सापडलं.

ड्रायव्हरच्या इंटरफेसचा, म्हणजे पेटी आणि ड्रायव्हरमधल्या त्या प्रश्नोत्तरांच्या चौकटीचा, विचार मी आता त्या कपाटापासून सुरू करते. या मॉडमध्ये कार्ड खाचेतून निघालं की काय होतं ते मी त्या रात्री पहिल्यांदा ओळीओळीनं वाचलं. पेटी आधी घटकाला जाळ्यातून बाहेर काढते, आणि त्यानंतर त्याच्या आठवणी वस्तूच्या टॅगमध्ये लिहिते. हा क्रम मुद्दाम आहे. जाळ्यातून निघताना डिस्कसारख्या घटकाला आपल्या उघड्या फाइली मिटता याव्यात, अर्धवट काम तसंच लिहिलं जाऊ नये, म्हणून. आधी कार्यमुक्त, मग पुस्तकात नोंद, मग प्रवास. ज्यानं हे लिहिलं त्याला जपण्याची किती काळजी आहे हे दुसऱ्या एका गोष्टीवरूनही दिसतं. चालू असलेला लुआ प्रोग्राम मधेच, एखाद्या फेऱ्याच्या ऐन मध्यावर गोठवून डिस्कवर लिहिता यावा आणि सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर तिथूनच पुढे चालावा, यासाठी त्यानं प्लूटो या जुन्या लायब्ररीवरून एरिस नावाची वेगळी लायब्ररी तयार केली. एवढं सगळं पाठीशी असताना माझ्या एका ओळीनं सेवापुस्तक कपाटामागे पडलं.

चूक माझीच, पण त्या पाचव्या प्रश्नाबद्दल मला एक म्हणायचं आहे, कारण असे इंटरफेस आपण सगळेच कुठे ना कुठे लिहितो. ‘टॅग कुठला?’ असं ड्रायव्हरला विचारलं, की उत्तर चुकायची जागा तयार होते. त्याऐवजी पेटीनंच वस्तूला बांधलेला टॅग हातात द्यावा आणि म्हणावं, हे पान, यावर लिही. मग माझ्यासारखीला कोरा कागद पुढे करताच येणार नाही. कर्त्यानं मोकळीक का ठेवली तेही कळतं: दुसऱ्या कुणाच्या मॉडनं त्याच नावाचा टॅग त्याच वस्तूवर आधीच बांधलेला असला तर टक्कर होईल, तेव्हा वेगळं नाव निवडता यावं. या प्रश्नाला काहीच उत्तर न देण्याचीही सोय आहे, मग पेटी आपलं नेहमीचं नाव वापरते. म्हणजे गरज नव्हती तिथे मी उत्तर द्यायला गेले. तरीही, शंभरात एखाद्याला लागणाऱ्या मोकळिकीसाठी बाकीच्यांच्या हातात निसटणारी गोष्ट द्यावी का, यावर मी अजून कर्त्याच्या बाजूनं नाही. माझ्या पुढच्या कामात मी हे उलटं केलंय. तिथे पहिली चाचणी लिहिते ती काढण्याची: वस्तू बसव, काहीतरी लिही, काढ, दुसऱ्या पेटीत घाल, वाच.

दुरुस्ती दोन मिनिटांची होती. पण शून्यं राहिलीच होती. कार्डाला ज्या दिवसाबद्दल काहीच माहीत नाही त्या दिवशी ते ‘०’ का सांगत होतं? कारण नोंद सापडली नाही तर शून्य परत दे, असं मी लिहिलं होतं. नीटनेटकं दिसतं म्हणून, भाच्याचा प्रोग्राम अडू नये म्हणून. नंबर बदलला, आठवण गेली, हा अपघात होता. पण पाऊस पडलाच नाही हे विधान मी स्वतःच्या हातानं त्याच्या तोंडी घातलं होतं, आणि ते वाचणारा मुलगा त्या पावसात उभा होता. मी ते बदलून लुआचं ‘निल’, म्हणजे ‘काहीच नाही’, परत द्यायला लावलं. मग त्याचा प्रोग्राम खरंच अडला, आकडा हवा तिथे निल आलं म्हणून लाल ओळ आली.

पुढच्या रविवारी आम्ही साताऱ्यालाच होतो. त्यानं नवं कार्ड घेतलं आणि मी बघत असताना ते खाचेतून काढलं, घातलं, दुसऱ्या पेटीत घातलं, परत पहिल्या पेटीत आणलं. प्रत्येक वेळी पत्त्याची पहिली तीन अक्षरं मोठ्यानं वाचली. चौथ्यांदा वाचल्यावर ती कागदावर ‘७एफ३’च्या खाली लिहिली. जुनं खोडलं नाही. मग लाल ओळीबद्दल विचारलं. निल आलं तर आलेखात काय काढायचं? मी काही बोलायच्या आत तो उठून अण्णांकडे गेला.

अण्णा पडवीत खुर्चीवर बसले होते. त्यांनी पावसाची वही मागवली, मांडीवर घेतली आणि मागच्या जुलैचं पान उघडलं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ते चार दिवस दवाखान्यात होते, त्या चार तारखा तिथे होत्या. त्यांच्यापुढे आकडा नव्हता, शून्यही नव्हतं. शाईनं ओढलेली आडवी रेघ होती, प्रत्येकीची वेगळी. “इथं पाऊस पडला नाही?” भाच्यानं विचारलं. “कुणी मोजला नाही,” अण्णा म्हणाले. “शून्य लिहायचं तर गच्चीवर जाऊन रिकामं भांडं बघून यावं लागतं, बाळा.” तो बराच वेळ त्या चार रेघांवरून बोट फिरवत बसला. मग आत आला, लॅपटॉप जवळ ओढला आणि प्रोग्राममध्ये नव्या दोन ओळी लिहिल्या. रात्री मोठ्या पडद्यावर त्याचा आलेख उभा राहिला. डावीकडे दहा आडव्या रेघा, आणि अकराव्या दिवसापासून निळे खांब.